पहिला घास मालकाचा

मिओया, बंदर रस्ता
२० ऑगस्ट १९५५

नुई बाळ,

मी बोलतेय आणि तुझा नवरा लिहितोय. त्याचं अक्षर सुंदर आहे म्हणे. मला काय, मला सगळीच अक्षरं ओल्या वाळूवरून खेकडा चालून गेल्यासारखी दिसतात. पण एवढं कळतं की मी चार वाक्यं बोलले की हा दोनच लिहितो. माझ्या शिव्या तर पार गिळतो. तेव्हा वाचताना तू आपल्या मनानं थोडं मीठ घाल.

बातमी अशी. पितरांच्या आठवड्यात, फुगू माशाचा हंगाम सुरू होईल त्या दिवशी, तामेझो घराच्या मालकाचं नाव घेणार. तामेझो संपला, सहावा हानबेई सुरू. दारावरचा पडदा नवा शिवायला टाकलाय. गावातले जुने पाहुणे बोलावलेत, आणि त्यांच्या हातात द्यायला आपल्या खाणावळीचा, मिओयाचा, इतिहास छापून घेतोय. मला म्हणाला, आजी, तुम्ही सांगा. म्हणजे जिला वाचता येत नाही तिनं सांगायचं, आणि ज्यांना येतं त्यांनी जेवायच्या आधी ते बशीखाली ठेवायचं.

पाहुण्यांना सांगतात ते सांगितलं. पहिला हानबेई नावाडी होता. वादळात अडकलेल्या उतारूंना त्यानं किनाऱ्यावरच्या खोपटात फुगू खायला घातला. विषारी मासा म्हणून ती माणसं हात लावेनात, तेव्हा यानं सगळ्यांदेखत कलेजीचाच तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाला, बघा, बसलोय की नाही. त्या खोपटाचं मिओया झालं. तेव्हापासून हंगामाच्या पहिल्या जेवणाला मालक पाहुण्यांसमोर कलेजी खातो आणि मगच पाहुणे मासा खातात. मिओयाच्या बशीतून खाऊन आजवर एकही पाहुणा मेलेला नाही.

तुझे वडील गेल्यापासून हे बंद होतं. तामेझोला ते पुन्हा सुरू करायचंय. अंगावर पांघरूण घेत जा. डोंगरावरची हवा औषध म्हणून घ्यायची, जेवण म्हणून नाही.

तुझी आजी तोसे

ता.क. आजी पुढेही बरंच बोलल्या. वयामुळे आताशा जुन्या मरणांच्या गोष्टी फार काढतात. आजारी माणसाला असलं कशाला, म्हणून गाळलं आहे. – तामेझो


डोंगरावरचं रुग्णालय
२९ ऑगस्ट

प्रिय आजी,

ओसरीवरच्या खाटेवर पडून तुझं पत्र वाचलं, आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईंनाही वाचून दाखवलं. आमच्या घराचा इतिहास सांगताना माझा ताप उतरतो, असं त्या म्हणाल्या. खरंच उतरलाय. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर वसंतात घरी.

मला किती आनंद झालाय ते सांगता येत नाही. तुला माहीत आहे, बाजारात त्यांना काय म्हणतात. घरजावई. विकत आणलेला मालक. स्वयंपाकघरात मासे धुणारा पोरका पोरगा मालकिणीच्या नातीशी लग्न लावून गादीवर बसला. हे ऐकून ते हसतात आणि मग रात्रभर कूस बदलत राहतात. एकदा सगळ्यांसमोर कलेजी खाल्ली की कोण काय म्हणेल? मी त्यांना वेगळं पत्रही लिहिलंय, की बाबा जसे करायचे तसंच करा, अर्धंमुर्धं नको.

बाबांचं मला फारसं आठवत नाही. मी सहा वर्षांची असताना ते धुक्यात धक्क्यावरून पाय घसरून बुडाले, एवढं तू सांगितलेलं. पण एक आठवण लख्ख आहे. सकाळी किनाऱ्यावर बाबा गळ्यापर्यंत वाळूत पुरून घेऊन बसलेत, नुसतं डोकं वर. तू आणि स्वयंपाकघरातली माणसं भोवती उभी. केवढा खेळकर माणूस असेल. मी त्यांच्या डोक्यावर शिंपला ठेवला आणि ते हसले.

समारंभ झाला की सगळं कसं झालं ते मला नीट लिहून कळव.

तुझी नुई


सार्वजनिक न्हाणीघर, खालची आळी
६ सप्टेंबर

नुई,

अक्षर बदललेलं पाहून घाबरू नकोस. मी मेले नाही, लिहिणारी बदलली. ही किनु, न्हाणीघराच्या गल्ल्यावर बसते ती. अख्ख्या गावाला तिनं उघडं पाहिलंय आणि आजवर कुणाबद्दल चकार शब्द काढलेला नाही. मला असंच माणूस हवं होतं. यापुढे मला लिहायचं ते हिच्या पत्त्यावर. मिओयाच्या पत्त्यावर लिहिलंस तर ते आधी तामेझोच्या डोळ्यांतून जाईल आणि मग माझ्या कानात येईल, आणि वाटेत काय गळेल ते मला कळायचं नाही.

तुझं पत्र त्यानंच वाचून दाखवलं. वाळूची गोष्ट आली तेव्हा तो कौतुकानं हसला. माझ्या हातातला पेला मी खाली ठेवला.

ऐक. आपल्या घरात एक सांगणं असतं. मालक नाव घेण्याआधी सासू सुनेला शेजारी बसवते आणि सांगते. पुरुषांच्या कानावर ते घालत नाहीत. मला माझ्या सासूनं भाताचं पातेलं घासता घासता सांगितलं. मी तुझ्या आईला सांगितलं. तुला सासू नाही, आई राहिली नाही, म्हणजे ते काम माझ्याकडे आलं. आणि तू डोंगरावर. जे तोंडातून कानात जायचं ते मला किनुच्या शाईतून पाठवावं लागतंय.

पाहुणा एकही मेला नाही, हे खरं आहे. मालक मेले.

दुसरा हानबेई पाहुण्यांसमोर बसल्याजागी लुळा पडला. लोकांना वाटलं, मालकाला जास्त झाली. त्याला उचलून आत नेला, बाहेर गाणी चालूच होती. पहाटेपर्यंत तो गेला. हृदय बंद पडलं, असं सांगितलं.

तिसरा म्हातारा होऊन मेला. का, तर त्याची बायको शहाणी होती. फुगूची कलेजी फेकून ती त्याच रंगाच्या दुसऱ्या माशाची कलेजी बशीत ठेवायची. त्याला आयुष्यभर कळलं नाही. छाती काढून हिंडायचा आणि ती मागे उभी राहून पंख्याआड हसायची. चौथा माझा नवरा. त्यानं मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. त्याला काय झालं, ते तुला आता कळलंच असेल.

पाचवा तुझा बाप. तो बुडाला नाही, नुई. या विषावर जुना उपाय म्हणजे माणसाला गळ्यापर्यंत ओल्या वाळूत पुरायचं. वाळू विष ओढून घेते म्हणतात. काही ओढत नाही. त्याचे हातपाय गेले होते, ओठ गेले होते, पापणीसुद्धा हलत नव्हती. पण शुद्ध होती. या विषात माणसाची शुद्ध शेवटपर्यंत जात नाही, सगळं दिसत असतं, ऐकू येत असतं. तेवढ्यात तू धावत आलीस, टाळ्या पिटल्यास, त्याच्या डोक्यावर शिंपला ठेवलास. मी तुला अडवलं नाही. त्याच्या नजरेसमोर तेव्हा तूच होतीस, आणि तुझ्यापेक्षा बरं काही त्याला दाखवायला माझ्याकडे नव्हतं.

आता तुझ्या नवऱ्याचं. तो रोज संध्याकाळी स्वयंपाकघर बंद करून नखाएवढी कलेजी खातो. अंगाला सवय लावतोय म्हणे. या विषाची सवय कुणाला लागत नाही. एका माशात असतं, दुसऱ्यात नसतं, आणि दोन्ही दिसायला जुळ्या बहिणी. परवा चहा ओठांवरून ओघळला तरी त्याला कळलं नाही. मी म्हटलं, काय रे, दात यायला लागले का? तो हसला. अर्ध्याच तोंडानं हसला.

तिसऱ्याच्या बायकोची युक्ती मी करणार होते. पण हा मासा स्वतः निवडतो, स्वतः चिरतो, कुणाला जवळ येऊ देत नाही. माझं तो ऐकत नाही. तुझं ऐकेल. त्याला लिही, की करू नका. कारण हवं तर काहीही दे, माझं नाव मात्र नको.

तोसे

(कागदावरचे डाग न्हाणीघराच्या वाफेचे आहेत असं लिही, असं आजी म्हणतात. – किनु)


डोंगरावरचं रुग्णालय
१२ सप्टेंबर

आजी,

तुझं पत्र वाचून मी ते उशीखाली ठेवलं आणि नंतर तिथून काढून दूर ठेवलं.

तुला ते कधीच पसंत नव्हते. लग्नात तू सगळ्यांदेखत म्हणालीस, जावयाच्या हाताला मासे धुतल्याचा वास येतो. आता घर त्यांच्या हाती जायची वेळ आली आणि तुला एकदम तीन मरणं आठवली. बाबांना तरी यात ओढायचं नव्हतंस. ते वाळूत बसून हसत होते. मी पाहिलंय, मी तिथे होते.

मला लपवाछपवी जमत नाही. तू जे लिहिलंस ते सगळं मी त्यांना कळवलं आणि हे खरं का म्हणून विचारलं. उलट टपाली उत्तर आलं. आजींना वाटतं घराबरोबर त्यांचा मान जाईल, तो जाणार नाही, मी त्यांना वरच्या जागी बसवीन, असं त्यांनी लिहिलंय. किती समजूतदारपणे लिहिलंय ते तू पाहायला हवं होतंस.

नुई


सार्वजनिक न्हाणीघर
१७ सप्टेंबर

नुई,

तू त्याला सांगितलंस. बरं.

तो रागावला नाही. आधी मी काही बोलले की गुरगुरायचा, सुरी आपटायचा, म्हातारे गप बस असं मनात म्हणताना त्याच्या कपाळावर दिसायचं. तोवर मला आशा होती. आता गोड झालाय. माझा चहा स्वतः ओततो, दोन्ही हातांनी पुढे करतो, वाकून बोलतो. माझी पथारी वरच्या माडीवर हलवली, म्हणाला, तिथून समुद्र दिसतो. समुद्र मी जन्मभर पाहिलाय. तिथून स्वयंपाकघर दिसत नाही, हे त्यानं सांगितलं नाही.

पाहुणे कोण बोलावलेत ते कळलं. ज्यांनी तुझ्या बापाला शेवटचं खाताना पाहिलं, तेच सगळे. त्यांना माहीत आहे, नुई. सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या अस्थी वेचायला तेच तर आले होते, आणि पुढच्या हिवाळ्यात मासा कोण चिरणार असं मला तिथेच विचारत होते.

किनु म्हणते, आजी, गावाच्या डॉक्टरांना सांगा. डॉक्टर पहिल्या रांगेत बसणार आहेत.

तोसे


डोंगरावरचं रुग्णालय
२० सप्टेंबर

आजी,

काल दिवसभर डोळे मिटून मी तो किनारा पाहत होते. बाबा हसत नव्हते. टाळ्या मी वाजवत होते, हसत मी होते. त्यांचा चेहरा होता तसाच होता. शिंपला घसरून नाकावर आला तरी त्यांनी मान हलवली नाही.

मिओयाच्या पत्त्यावर त्यांना लिहिलंय. करू नका, मला घरी यायचंय ते तुमच्याकडे, एवढंच लिहिलं. पत्र वेळेवर पोचावं. मला इथून सोडत नाहीत.

नुई


मिओया, बंदर रस्ता
२६ सप्टेंबर

नुई,

तुझं पत्र जेवणाच्या दिवशी सकाळीच मिळालं. वाचलं, घडी घातली आणि मासा निवडायला गेलो. निमंत्रणं गेलेली होती. कालपरवापर्यंत जी म्हणत होती की अर्धंमुर्धं नको, तीच आता नको म्हणते. मी कोणत्या नुईचं ऐकायचं?

काय झालं ते तुला तिकडून कळेलच, न्हाणीघराच्या अक्षरात. माझ्याकडूनही ऐकून ठेव.

पाहुणे आले. सगळे आले. आजींना मी सर्वांत वर, माझ्या शेजारी बसवलं. त्या शांत होत्या. डॉक्टरांना, तुमचं पोट बरंच पुढे गेलंय, बहुतेक रोग्यांचं खाताय, असं म्हणाल्या आणि सगळे हसले. मला वाटलं, मिटलं. बशी माझ्यापुढे आली. मी लवून नमस्कार केला, बोलायचं ते बोललो आणि जेवणाच्या काड्यांनी कलेजीचा तुकडा उचलला.

तेव्हा आजींनी आपल्या काड्या पुढे केल्या आणि माझ्या काड्यांतला तो तुकडा हवेतच धरला.

ताटावर असं कधीच करत नाहीत, ते तुला सांगायला नको. लहान पोरानं चुकून केलं तरी आई त्याच्या हातावर चापट मारते. चितेनंतर अस्थी वेचताना एकाच्या काड्यांवरून दुसऱ्याच्या काड्यांवर देतात, तेवढी एकच वेळ. तुझ्या वडिलांच्या वेळी मीही होतो. मासे धुणारा पोर म्हणून मला मागे उभं केलं होतं, पण मला सगळं दिसत होतं. खोलीतल्या प्रत्येकाला तेच दिसलं असणार.

आजी हळू आवाजात बोलल्या, पण शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेलं. "नवऱ्याच्या वेचल्या, मुलाच्या वेचल्या. तुझ्या आत्ताच वेचून घेते रे. नंतर माझे गुडघे वाकायचे नाहीत."

तुकडा दोघांच्या काड्यांत होता. त्या ओढत नव्हत्या, सोडतही नव्हत्या. एवढी म्हातारी, पण पकड ढळली नाही. सुटली ती माझी. तुकडा चटईवर पडला.

कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. व्यापारी मंडळाच्या अध्यक्षांना आठवलं की घरी कुणीतरी यायचंय. डॉक्टरांना एक रोगी आठवला. एकेक जण लवून, आभार मानून, अन्नाला न शिवता गेला. छापलेला इतिहास बशांखाली तसाच राहिला. एक म्हातारा कोळी तेवढा जाताना आजींसमोर थांबून वाकला. माझ्यासमोर नाही.

अस्थी वेचल्या गेलेल्या घरात आता कोण जेवायला येणार? नाव मी घेतलेलं नाही. नवा पडदा गुंडाळून ठेवला. मी आजींशी बोलत नाही, तुझ्याशीही काय बोलावं ते सुचत नाही.

तामेझो


मिओया, स्वयंपाकघर
९ ऑक्टोबर

नुई बाळ,

आज किनु गल्ला सोडून इथे आलीय. म्हणजे गाव फुकट आंघोळ करतंय. तिला बोलवावं लागलं, कारण मी इथून उठत नाही. माडीवरची पथारी खाली आणलीय आणि चिरायच्या फळीसमोर पाट टाकून बसलेय. तामेझोनं एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं, मग माझ्या बाजूनं वळसा घालून जायला शिकला.

तो जिवंत आहे, हे आधी. रागावलेला आहे. दोन वेळा भात वाढून घेतो आणि माझ्याकडे पाठ करून खातो. त्याची पाठ बघत जेवायची मला सवय झालीय. चांगली रुंद पाठ आहे.

गिऱ्हाईक नाही. एवढ्या वर्षांचं घर मी एका काडीनं बुडवलं, असं बाजारात म्हणतात. मी दुरुस्त केलं, की एका नाही, दोन काड्यांनी.

पण सगळं संपलं असं समजू नकोस. परवा व्यापारी मंडळाचे अध्यक्ष मागच्या दारानं आले. मी पडद्याआड होते. म्हातारपणी माणसाचं असंच होतं, असं ते तामेझोला सांगत होते. लोक विसरतील, ऐन थंडीत जेवण पुन्हा ठेव, आम्ही चार जण येतो, म्हातारीला त्या दिवशी कुठेतरी पाठव. एकदा खाल्लीस की बघ, कोण तुला घरजावई म्हणतो ते. माझ्या मुलालाही हेच मधाळ आवाजात सांगितलं होतं. मालकांनी मरायचं आणि यांनी नातवंडांना सांगायचं की आम्ही समोर बसलो होतो.

तामेझो हो म्हणाला नाही. नाही पण म्हणाला नाही.

काल तो सुरीला धार लावत होता. त्या दिवशीच्या जेवणानंतर पहिल्यांदाच माझ्याशी बोलला, मान वर न करता. "आजी, तुमच्या मुलाला शेवटी दुखत होतं का?"

मी म्हटलं, नाही, दुखत नाही. खरं तेच सांगितलं. हाका माराव्याशा वाटतात आणि मारता येत नाहीत, एवढंच, असंही सांगितलं.

त्यानं मान हलवली आणि पुन्हा धार लावू लागला. हे त्यानं भीतीनं विचारलं की तयारीनं, ते मला कळलं नाही, नुई. एवढी माणसं ओळखली मी जन्मभर, पण हे ओळखता आलं नाही. म्हणून पाटावरून उठले नाही, आणि जेवणही इथेच घेते.

डॉक्टर वसंत म्हणतात ते ठीक आहे. पण मध्ये हिवाळा आहे. बरी हो, नीट खा, आणि त्याला रोज लिही. काय लिहायचं ते तुझं तू ठरव. तुझं पत्र आलं की तो धार लावायची थांबवून वाचतो, एवढं मी पाहिलंय.

तुझी आजी तोसे